भावाच्या नावाचं शेवाळ

आमच्या संस्थेत ताईंना सगळेच ताई म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले संचालकसुद्धा. हे त्यांच्या धाकट्या भावामुळे झालं. तो बंदरात पाणबुड्याचं काम करायचा. काम सुटलं की ओल्या केसांनी तसाच आमच्याकडे यायचा आणि जिन्यातूनच ओरडायचा, "ताई, भाजी आणलीय!" भाजी म्हणजे समुद्राच्या तळाचं शेवाळ. रोज कानावर पडून पडून पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

त्याचं टोपणनाव पाणमांजर. ते त्याच्या आईनं लहानपणी ठेवलं होतं, कारण आंघोळीच्या पिंपात शिरला की त्याला बाहेर काढायला दोघं लागायचे. ताई मात्र पाण्याला घाबरायच्या. समुद्री शेवाळावर हयात घालवलेली बाई गुडघ्याच्या वर पाण्यात जायची नाही. म्हणून ओहोटीला खडकावर जे हाती लागेल ते त्या वेचायच्या आणि खोलातलं त्यांना भाऊ आणून द्यायचा.

मी तिथे चित्रं काढायला होते. नमुन्याचं चित्र काढायचं तर तो आधी नीट बघावा लागतो, म्हणून माझं टेबल ताईंच्या खोलीतच असायचं. खोलीला मीठ आणि ओल्या कागदाचा वास. खिडकीखाली पसरट ट्रे. त्यात पाणी घेऊन ताई शेवाळ तरंगत सोडायच्या, खालून जाड कागद सरकवायच्या, मऊ ब्रशनं एकेक फांदी उलगडायच्या आणि कागद अलगद वर उचलायच्या. वर मलमलचं फडकं, त्यावर टिपकागद, त्यावर वजन. वाळलं की शेवाळ आपल्याच चिकानं कागदाला धरून बसायचं. मी माझ्या पेन्सिली तासत ते बघत बसायचे. घरात कुणी लहान मुलाचे केस विंचरावेत तसा त्यांचा हात चालायचा. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, लग्नही केलं नव्हतं. भाऊ आणि भावजय एवढंच त्यांचं घर.

त्या दिवशी ताई बैठकीला गेल्या होत्या. पाणमांजर आला, बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या ताईला सांगा, असलं तिनं बघितलेलं नसणार. पूर्वेकडच्या कड्याच्या पार खाली होतं." बरणीत एक पान होतं, तळहाताएवढं रुंद, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आणि इतकं लालभडक की मी हातातलं काम सोडून बघत राहिले. तो हसला, ओल्या बोटांनी माझी एक पेन्सिल उचलून कानामागे लावली आणि तशीच घेऊन गेला. मी बरणी फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो एका जहाजाच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायला खाली उतरला. वरून हवा पुरवणारी नळी कशात तरी अडकली. त्याला वर काढेपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, तेव्हा दिवस गेले होते.

ताई कामावर परत आल्या त्या फ्रिज उघडेपर्यंत ठीक होत्या. बरणी बघितली आणि तशाच फरशीवर बसल्या. मी त्याचा निरोप सांगितला. त्यांनी तो परत सांगायला लावला, मग आणखी एकदा. मग उठल्या, ट्रेमध्ये पाणी घेतलं आणि ते पान कागदावर पसरलं. त्या दिवशी त्यांचा हात जरा जास्तच हळू चालत होता.

पुढचं वर्षभर ताईंनी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. त्या शेवाळाचा एक तुकडा मायक्रोस्कोपखाली, एक ब्लेडनं कापायला. ब्लेडनं केसाएवढे बारीक काप काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या खडकांवर या कुळातलं एक नेहमीचं शेवाळ पैशाला पासरी मिळायचं. ते अरुंद पट्ट्यांचं, चामड्यासारखं जाड, काळपट जांभळं. हे नवं म्हणजे रुंद, पातळ, लाल. त्याच्या कडेच्या पेशींचे थर कमी. बीजं धरणारे फुगवटे नेहमीच्यात पानभर विखुरलेले, ह्याच्यात काठाकाठानं. ताईंनी सगळं मांडलं. मी पूर्ण पानाचं चित्र काढलं. तो लाल रंग मला काही केल्या जमेना, परत परत कालवला. शेवटी नवी जात म्हणून निबंध छापून आला आणि तिला भावाचं नाव मिळालं. नावाला लॅटिन शेपूट लागलं. तो असता तर म्हणाला असता, मांजराला शेपूट हवंच की.

नव्या जातीचं नाव ज्या नमुन्यावरून ठेवतात तो मूळ नमुना संस्थेत वेगळा जपतात. तांबड्या पुठ्ठ्यात घालून तो पोलादी कपाटात गेला. किल्ली ताईंकडे.

वहिनीला मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणत. ती चालायला लागल्यापासून वहिनी तिला अधूनमधून घेऊन यायची, ताई कपाट उघडायच्या आणि चिमीला स्टुलावर उभं करून तो कागद दाखवायच्या. "हे बाबांनी आणलं. ह्याला बाबांचं नाव आहे. जगात कुठेही जा, ह्याला हेच म्हणणार." चिमी एका बोटानं कागदाच्या काठाला शिवायची. एकदा शाळेतून वहिनीला बोलावणं आलं. वडील काय करतात म्हणून विचारलं तर पोरीनं ताठ मानेनं सांगितलं होतं, "माझे बाबा शेवाळ आहेत." बाई घाबरल्या होत्या, मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय. ताईंनी हा किस्सा आम्हाला इतक्यांदा सांगितला की संचालकांनाही पाठ झाला.

पुढे वहिनीनं दुसरं लग्न केलं. माणूस चांगला होता, रेडिओ दुरुस्त करायचा, चिमीवर जीव टाकायचा. चिमीला त्याचं आडनाव लागलं. घरातले पहिल्या नवऱ्याचे फोटो ट्रंकेत गेले; कुणी घाला म्हटलं नव्हतं, आपोआप गेले. चिमी मोठी झाली, नर्सिंगला गेली, तरी वर्षातून एकदा कपाटापाशी येऊन उभी राहायची. आता स्टूल लागत नसे.

याच सुमाराला आमच्याकडे एक तरुण संशोधक आली. तिची खोली मागच्या बाजूला, तिथे मशीन घरघरायची. तिचं नाव पडलं डीएनएवाली. बोलायला कमी, पण ताईंच्या पाठोपाठ फिरायची. दोघींनी मिळून तांबड्या शेवाळांचं सगळं वर्गीकरण नव्यानं करायला घेतलं. रीत अशी: डीएनएवाली प्रत्येक नमुन्यातून एका ठरावीक जीनचा तुकडा वाचायची आणि कोण कुणाच्या जवळचं ते मांडायची. ताई तोच नमुना मायक्रोस्कोपखाली घ्यायच्या. जुळ्या बहिणींसारखी दिसणारी दोन शेवाळं एकमेकींची कुणी लागत नाहीत असं निघायचं, आणि ज्यांचं तोंड एकमेकांशी मिळत नाही ती एकाच घरातली निघायची. मग ताई परत काप काढायच्या, आधी नजरेतून काय सुटलं ते शोधायच्या, आणि सापडलं की खोलीभर सांगत सुटायच्या. भाऊ गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी बघितलं नव्हतं.

या कामात काही जुनी नावं रद्द होतात. दोन जाती म्हणून नोंदलेलं शेवाळ एकच निघालं तर आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं. ज्यांची नावं गेली त्यातले काही म्हातारे संशोधक फोन करून ताईंना नाही नाही ते बोलायचे. ताई शांतपणे म्हणायच्या, "शेवाळाला विचारा. मी कोण?"

एकेक करून सगळे नमुने झाले. तांबड्या पुठ्ठ्यातला एक राहिला. डीएनएवालीनं त्याचा विषय काढला नाही, मीही नाही. एका सकाळी ताईंनी स्वतःच कपाट उघडलं, कागद टेबलावर ठेवला आणि तिला बोलावून घेतलं.

"ताई, हा राहू दे," ती म्हणाली. "ह्याच्याशिवाय निबंध अडत नाही."

"अडतो," ताई म्हणाल्या. "कोपऱ्यातनं घेऊ. मधनं नको."

चिमटा त्यांनीच धरला. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला. तो छोट्या नळीत गेला आणि डीएनएवाली ती नळी मुठीत धरून मागच्या खोलीत गेली. ताई कागदाकडे बघत उभ्या होत्या. जिथून तुकडा गेला होता तिथे पांढरं दिसत होतं.

निकाल आला तेव्हा ती आधी माझ्याकडे आली. चेहऱ्यावरूनच कळलं. "मी परत करून बघितलं," ती म्हणाली. "नवा तुकडा मागितला तर ताईंना कळेल म्हणून उरलेल्यातूनच केलं. एका अक्षराचा फरक नाही हो. ते आपल्या खडकावरचं नेहमीचंच आहे. मी त्यांना कसं सांगू?"

सांगावं लागलं नाही. ताई दारात उभ्या होत्या.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "जीन म्हणतो ते म्हणू दे. मला डोळ्यांनी बघायचंय." मग त्यांनी कपाटांतून त्या जातीचे सगळे कागद काढले. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या खोलीवरून आणलेले, कित्येक त्यांनीच कधीकाळी दाबून वाळवलेले. ते त्यांनी लांब टेबलावर एका रांगेत लावले, उथळ पाण्यातला डावीकडे, खोलातला उजवीकडे. मी शेजारी उभी होते. डावीकडे अरुंद, जाड, काळपट. मग जरा रुंद. मग आणखी रुंद, आणखी पातळ. फुगवटे मधून काठाकडे सरकत गेलेले. शेवटी पाणमांजराचा कागद. रांगेत कुठे खंड नव्हता. खाली उजेड कमी, म्हणून पान पसरतं आणि पातळ होतं, झाड तेच. ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"हे तेव्हाही इथेच होते गं," त्या मला म्हणाल्या. "यातले निम्मे तरी. मी काढून बघितलेच नाहीत."



डीएनएवालीला राहवेना. ती म्हणाली, "ताई, एक सुचवू? त्या चिखलातल्या खाडीतलं शेवाळ आठवतं? ते दिसायला अगदी नेहमीच्यासारखं, पण जीन साफ वेगळा आहे. ती खरंच नवी जात आहे. तिला नाव द्यायचंच आहे. तेच नाव..." नियमात बसवायला जरा फिरवून घ्यावं लागेल, पण होईल, असं काहीतरी ती पुढे सांगत होती.

ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू गुणी आहेस. पण त्या खाडीत तो कधी उतरला नाही. त्याला चिखल आवडायचा नाही. ते त्याचं नव्हे."

खाडीतल्या शेवाळाला चिखलात वाढणारं अशा अर्थाचं साधं नाव मिळालं. आणि ती रांग ताईंनी मला चितारायला सांगितली, अरुंदपासून रुंदपर्यंत, निबंधात छापायला. शेवटचं पान काढताना तो लाल रंग या वेळी मला पहिल्याच झटक्यात जमला, आणि मला स्वतःचाच राग आला.

निबंध छापायच्या आधी वहिनीला आणि चिमीला सांगायला हवं होतं. ताई म्हणाल्या, "तू चल. मला एकटीला जमायचं नाही." आम्ही गेलो तेव्हा वहिनी इस्त्री करत होती. चिमी नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जीन, रांग, उजेड, सगळं. त्यांना वाटलं नीट समजावून दिलं तर कमी लागेल.

चिमीनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आधी चूक झाली होती."

"हो."

"कुणाची?"

"माझी."

"चूक तुझी आणि नाव माझ्या बाबांचं जाणार."

"जाणार म्हणजे... पुस्तकात राहतं बाळा. मोठ्या नावाच्या खाली लिहितात, ह्यालाच आधी असंही म्हणत. आणि कागद तर कपाटातच राहणार, तो कुणी..."

"बारीक अक्षरात," चिमी म्हणाली.

तिनं पाय खुर्चीवरून खाली घेतले.

"आत्या, तुला कुणी विचारलं होतं का? कुणी तपासायला आलं होतं?"

"नाही."

"मग का?"

"दुसऱ्यांची खोडली मी," ताई म्हणाल्या. "आपलं कसं ठेवू?"

"आपलं?" चिमी उभी राहिली. "तुझ्याजवळ लहानपणापासूनचा भाऊ होता. मला तर तेवढंच होतं." ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. वहिनी इस्त्री उभी करून ठेवायचं विसरली होती. सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी डाग पडला. ती त्या डागावर पाणी शिंपडत राहिली आणि आम्ही निघालो.

निबंध छापून आला. लोकांनी वाहवा केली. एवढ्या प्रामाणिकपणे आपलंच काम कुणी मोडतं का, अशी पत्रं आली. ताईंनी ती वाचली नाहीत. चिमी कपाटापाशी यायची थांबली. ताई फोन करायच्या, तर वहिनी उचलायची आणि म्हणायची, "झोपलीय." कधीही करा, पोरगी झोपलेलीच. ताई अंगानं वाळत गेल्या. डबा उघडायच्या, बघायच्या, लावून ठेवायच्या. खोलीत बोलणं असं राहिलंच नाही. मग त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. किल्ली डीएनएवालीच्या हातात दिली आणि मागच्या जिन्यानं गेल्या.

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे जात असे. एका दुपारी आम्ही चहा घेत होतो आणि बेल वाजली. दारात वहिनी आणि तिच्या मागे चिमी. खूप दिवसांनी बघत होते मी तिला. चेहरा ओढलेला. वॉर्डात तिच्या देखरेखीखालचा एक माणूस गेला होता, तरुण, घरी लहान मूल असलेला. ती त्याच्या बायकोजवळ बसून राहिली होती. ते तिनं आम्हाला उभ्या उभ्याच सांगितलं. मग ताईंच्या समोर बसली.

"आत्या, शेवाळाचं राहू दे. मी भांडायला आले नाही. मला बाबा सांग."

ताईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद आला की मला बघवेना. त्या सरसावून बसल्या आणि सांगू लागल्या. तो कुठल्या कड्यावर उतरायचा, कुठल्या ऋतूत पाणी स्वच्छ असायचं, त्यानं पहिल्यांदा आणलेलं शेवाळ कुठलं, त्याला पानं न दुखवता बुंध्यापासून सोडवायची हातोटी कशी होती.

चिमीनं मधेच थांबवलं. "हे नाही गं. हे मला ठाऊक आहे. ते बोलायचे कसे? हसायचे कसे? चिडले तर काय करायचे?"

"तो ना..." ताई म्हणाल्या. "तो हसायचा म्हणजे..." त्यांनी हात वर केला, जणू हातानं दाखवता येईल. मग माझ्याकडे बघितलं. मला तो काय बोलला ते शब्द आठवत होते, आवाज काही केल्या येत नव्हता.

"मला आठवत नाही," ताई म्हणाल्या. "चिमी, खरंच आठवत नाही गं. त्या पानाची पेशीन् पेशी आठवते मला. डोळे मिटून काढून दाखवते हवी तर. रोज वाटायचं, त्याच्याशेजारीच बसलेय." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. तोंडावर हात नाही, पदर नाही, तशाच समोर बघत.

चिमी हलली नाही. तिला काय करावं कळत नव्हतं. दुसऱ्यांच्या घरच्या माणसांना धीर देणारी पोर, आत्यापुढे नुसती बसून राहिली.

वहिनी आत्तापर्यंत पिशवी मांडीवर धरून बसली होती. तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "कानात पाणी जायचं त्यांच्या. रोज. घरी आले की आत यायचे नाहीत, बाहेर जिन्याच्या तोंडाशी मान वाकडी करून एका पायावर उड्या मारायचे. धबाधब. खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीनं छत ठोकायची. मग हे दुसरा पाय."

चिमी आईकडे बघत राहिली. "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू शेवाळच विचारायचीस," वहिनी म्हणाली. "आणि नंतर नव्या घरात आपण... कसं काढायचं?" तिनं डोळे पुसले. "चिडले की बोलायचे नाहीत. भांडी घासायला बसायचे. घरातली स्वच्छ भांडीपण घासायचे. मी मुद्दाम चिडवायचे कधीकधी, भांडी पडली असली की."

चिमी हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. वहिनी सांगत राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, चहा तसाच गार झाला, कुणी उठलं नाही. चिमी आईच्या गुडघ्याला लागून खाली बसली होती. ताई खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून, एकही शब्द सुटू नये अशा ऐकत होत्या, आणि वहिनी श्वास घ्यायला थांबली की हळूच विचारत होत्या, "मग?"